पहिली गोधडी शिवताना

पहिलीच गोधडी असेल तर ९० बाय ९० सेंटीमीटरपुढे जाऊ नका. डबल बेडची घेतली की निम्म्यात कंटाळा येतो आणि ती कपाटात पडते.

कापड सुतीच घ्या, आणि कापण्याआधी धुऊन इस्त्री करा. न धुतलेलं नवं कापड पहिल्या धुण्यात आटतं, जुनं आटत नाही. दोन्ही एकत्र शिवले की जोडावर चुण्या पडतात.

खरी गोम कच्च्या टाक्यांत, म्हणजे थर तात्पुरते धरून ठेवणाऱ्या टाक्यांत आहे. अस्तर जमिनीवर उलटं ताणून कडा चिकटपट्टीने बसवा. ते वरच्या थरापेक्षा चारी बाजूंनी ५ सेंटीमीटर मोठं हवं. त्यावर मधला थर, मग वरचा. आता मध्यापासून कडेकडे, साधारण १० सेंटीमीटर अंतराने मोठे टाके घाला. कडेपासून सुरुवात केली तर सगळा झोळ मध्ये गोळा होतो. तो नंतर उसवल्याशिवाय जात नाही. टाचण्यांवर भागवू नका, त्या निसटतात आणि हाताला टोचतात.

धावदोरा, म्हणजे गोधडीचे पक्के टाकेही मध्यातूनच सुरू करा. दोरा हातभरच, म्हणजे ४५ सेंटीमीटर. लांब घेतला की पीळ पडून गुंततो. गाठ हलका झटका देऊन मधल्या थरात ओढून घ्या. टाका ४-५ मिलिमीटरचा चालेल. बारीक असण्यापेक्षा सारखा असणं महत्त्वाचं. दर दोन-तीन ओळींनी पालथं करून बघा, खालचं अस्तर सुटलेलं बहुतेक वेळा तिथेच दिसतं. दोरा ओढून आवळू नका. मधल्या बोटात अंगुस्ताना (सुई टोचू नये म्हणून घालायची टोपी) घाला, सुरुवातीला अडखळायला होतं तरी.