एडिनबरोहून एका दिवसाची स्कॉटलंडच्या हायलँड्सची, म्हणजे डोंगराळ भागाची, कोच टूर आई-वडिलांना झेपेल का, की गाडी भाड्याने घेऊ? कोचमध्ये मेंढरांसारखं कोंबून नेतात म्हणे.

झेपेल. गाडी घेऊ नका.

खरं तर इथेच थांबलो असतो. पण तुमच्या प्रश्नातलं ‘कोचमध्ये मेंढरांसारखं कोंबून नेतात म्हणे’ हे वाक्य मी आमच्या मेहुण्याकडून कित्येक वर्षं ऐकतोय, त्यामुळे आता सविस्तर लिहितो.

एडिनबरोहून ग्लेनकोच्या दरीत आणि लॉख नेसला जाणारी टूर सकाळी ८ च्या सुमाराला सुटते आणि रात्री साडेसात-आठला परत येते. (लॉख म्हणजे तळं किंवा खाडी. लॉक नाही, लॉख. शेवटचा ख घसा खाकरल्यासारखा.) पाचशेच्या आसपास किलोमीटर होतात आणि १२ तासांपैकी साडेसात-आठ तास बसमध्ये जातात. ऐकायला भयंकर वाटतं, पण एका दमात दोन तासांच्या वर बसावं लागत नाही. ड्रायव्हरने साडेचार तास चालवलं की ४५ मिनिटं विश्रांती घ्यायचीच असा कायदा आहे, आणि दिवसाची मर्यादा सर्वसाधारणपणे ९ तासांची. सगळं यंत्रात नोंदलं जातं. म्हणून वेळापत्रक घट्ट असतं, आणि म्हणूनच ‘दोन मिनिटं थांबा हो, आई येतेच आहे’ हे तिथे चालत नाही. दिलेल्या वेळेनंतर जरा वाट बघतात आणि निघतात. लॉख नेसच्या काठावरच्या फोर्ट ऑगस्टस गावात मागे राहिलात तर तिथे रेल्वेसुद्धा नाही.

आता बसायचं कुठे. जाताना डावीकडे. कॅलेंडर नावाचं गाव सोडल्यावर लॉख लुबनेग डावीकडे, रॅनक मूर या पठारावरची पहिली तळी डावीकडे, ग्लेनकोचे ‘थ्री सिस्टर्स’ म्हणतात ते तीन डोंगरकडे डावीकडे, पुढे फोर्ट विल्यमपर्यंत लॉख लिनी आणि त्यानंतर लॉख लॉखी, दोन्ही डावीकडे. उजवीकडच्यांना बेन नेव्हिस या डोंगराचा पायथा आणि थोडंफार काहीबाही. परत येताना बस लॉख लॅगनवरून आली तर तो उजवीकडे असतो, पण तोवर अर्धी बस झोपलेली असते. जागा बहुतेक ठिकाणी नंबराच्या नसतात, त्यामुळे ८ ची बस असेल तर साडेसातला रांगेत उभे राहा. मागच्या चाकांवरच्या सीट घेऊ नका. वळणांवर तिथेच मळमळतं. आईला घाट लागत असेल तर गोळी निघण्याआधी तासभर द्या, वाटेतल्या स्ट्रॅथायरच्या वळणांवर देऊन उपयोग नाही.

सोळा सीटची मिनीबस की मोठी कोच? सगळे मिनीबसच्या नावाने जप करतात. आई-वडील असतील तर मी मोठीच सांगेन. खिडकी उंच असते, त्यामुळे रस्त्याकडेच्या दगडी भिंती आणि झुडपांवरून पलीकडचं दिसतं. मागे किंवा मध्ये बहुधा संडास असतो. तो ‘अगदीच वेळ आली तर’ याच कामाचा, पायऱ्या अरुंद आणि चालत्या बसमध्ये आत धड उभं राहता येत नाही, पण तो आहे एवढ्यानेच म्हातारी माणसं पाणी प्यायला घाबरत नाहीत. मिनीबसमध्ये तो नसतो. मग माणसं सकाळपासून पाणीच पीत नाहीत आणि दुपारी डोकं धरून बसतात.

आता मेहुण्याची गोष्ट. सप्टेंबरअखेरीस सासू-सासरे आले होते. मी त्या दोघांना घेऊन कोचमध्ये, मेहुणा आणि त्याची बायको भाड्याच्या ऑटोमॅटिक गाडीत. एकच दिवस, एकच रस्ता, संध्याकाळी हिशेब करू असं ठरलेलं. आम्ही ८ ला निघालो. तो ८ ला गाडीच्या काउंटरवर होता. लायसन्स (भारतीय लायसन्सवर इथे पहिले १२ महिने चालवता येतं, तो प्रश्न नव्हता), विम्याची बोलणी, प्रत्येक ओरखड्याचा फोटो, यात ८:५० झाले. आम्ही तेव्हा स्टर्लिंगचा किल्ला बघत पुढे सरकलो होतो. सव्वानऊला किलमाहॉगच्या थांब्यावर उतरलो, सासूबाईंनी डोळ्यांवर झिपऱ्या आलेल्या हायलँड गाईला कुंपणाबाहेरून बघितलं, ‘हिला दिसतं तरी का’ म्हणाल्या, कॉफी झाली. मेहुण्याने ते टाळलं, कारण उशीर भरून काढायचा होता.

रॅनक मूर म्हणजे सपाट, ओलं, काळपट दलदलीचं पठार. मधून जाणाऱ्या रस्त्याला धड कडा नाही. ‘गाडी असली की हवं तिथे थांबता येतं’ हे मेहुण्याचं मुख्य कलम, आणि ते इथेच निकालात निघतं: थांबायच्या जागा ठरलेल्या, मोजक्या, आणि कडेला चाक घातलं तर ते मऊ पीटमध्ये (कुजलेल्या वनस्पतींच्या दलदलीच्या मातीत) रुततं. ग्लेनकोला थ्री सिस्टर्ससमोरचा पार्किंगचा कट्टा अकराच्या पुढे गच्च असतो. आमच्या ड्रायव्हरने तिथली गर्दी लांबूनच ओळखली, पुढच्या थांब्यावर बस लावली आणि १५ मिनिटं दिली. मेहुण्याने दोन चकरा मारल्या, मागून कॅम्परव्हॅनने हॉर्न दिला, आणि तो पुढे निघून गेला. त्या अख्ख्या दरीत त्याने जे पाहिलं ते डांबर आणि समोरच्या व्हॅनचा नंबर. संध्याकाळी परतताना ए८६ या रस्त्यावर हरणं आडवी येतात म्हणून तो ताशी ४० मैलांनी आला. ए९ वर मात्र वेळ वाचवायला गेला. तिथे २०१४ पासून दोन बिंदूंमधला सरासरी वेग मोजणारे कॅमेरे आहेत, म्हणजे कॅमेरा दिसला की ब्रेक मारायची आपली युक्ती तिथे चालत नाही. दंडाचा कागद भाड्याच्या कंपनीमार्फत फिरून आला, त्यावर कंपनीचं हाताळणी शुल्क वेगळं. आम्ही साडेसातला घरी. तो साडेदहाला. तरी आजही तो म्हणतो की कोचमध्ये ‘स्वातंत्र्य’ नसतं.

मेंढरांचाच विषय निघालाय तर एक सांगतो. त्या दऱ्या जन्मतः रिकाम्या नाहीत. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात जमीनदारांनी कुळांना हुसकावून तिथे मेंढ्या सोडल्या, कारण लोकरीत जास्त पैसा होता. माणसं किनाऱ्याला, ग्लासगोला, कॅनडाला गेली. हिरव्या उतारावर दगडांच्या पडक्या चौकटी दिसतात, ती घरं आहेत. हे सांगणारा गाइड मिळाला तर तिकिटाचे पैसे वसूल; नुसती किल्ट आणि व्हिस्कीची थट्टा करणारा मिळाला तर खिडकीबाहेर बघा. बहुतेक टूरमध्ये ड्रायव्हरच कानाला माइक लावून बोलतो आणि उच्चार ठार स्कॉटिश. सासऱ्यांना निम्मं कळलं नाही. म्हणून आदल्या रात्री आई-वडिलांना ग्लेनकोची गोष्ट मराठीत सांगून ठेवा: फेब्रुवारी १६९२ मध्ये सरकारी सैनिक तिथल्या मॅकडोनाल्ड घराण्याच्या लोकांच्या घरी पाहुणे म्हणून बारा दिवस राहिले, त्यांचं अन्न खाल्लं, आणि १३ तारखेच्या पहाटे यजमानांनाच मारायला उठले. ३८ च्या आसपास माणसं मेली, आणखी काही बर्फात पळताना. मारलं यापेक्षा खाल्ल्या अन्नाला जागले नाहीत याचा राग तिथे अजून आहे. आपल्याकडच्या कुठल्याही आजीला हे भाषांतराशिवाय कळेल.

बेन नेव्हिस दाखवून ‘ब्रिटनमधलं सर्वांत उंच’ म्हणतील. उंची १३४५ मीटर. सासरे लगेच म्हणाले, कळसूबाई १६४६ आहे. बरोबर आहे, पण कळसूबाईचा पायथाच आधी उंचावर. हा समुद्राच्या पाण्यापासून उभा आहे. शिखर बहुतेक दिवशी ढगातच असतं, त्यामुळे वाद फार लांबत नाही.

लॉख नेसच्या बोटीला माझा विरोध आहे. फोर्ट ऑगस्टसला दीड-पावणेदोन तास मिळतात, त्यातला तास बोटीत गेला की जेवण उभ्याने होतं. ३७ किलोमीटर लांब, २३० मीटरच्या आसपास खोल, आणि पीटमुळे पाणी कोऱ्या चहासारखं. बोटीतून दिसतं ते काठावरूनही दिसतं. त्याऐवजी गावाच्या मधोमध कॅलेडोनियन कालव्याची पाच हौदांची उतरंड आहे, तिथे बाकावर बसा. टेलफर्ड नावाच्या इंजिनियरचा कालवा, १८२२ साली उघडला. वरच्या हौदात बोट येते, मागचं दार बंद होतं, झडपा उघडतात, पाणी खळखळत खालच्या हौदात जातं आणि बोट लिफ्टसारखी हळूहळू खाली बसत जाते. बोटीवरची माणसं काठावर उतरून दोर हातात धरून चालतात, बैल नेल्यासारखी. दोन्ही हौदांची पातळी सारखी झाल्याशिवाय पुढचं दार उघडतच नाही, कितीही जोर लावा. सासऱ्यांची नोकरी पाटबंधारे खात्यातली. ते तिथून उठायला तयार नव्हते.

खाण्याचं: गरम जेवण बसमध्ये बहुधा चालत नाही, कोरडं चालतं. दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, लिंबाचं लोणचं. लसणाची चटणी बंद बसमध्ये उघडू नका, कृपा करा. गावातल्या कॅफेत शाकाहारी म्हणजे सूप, चीजचं टोस्ट, कधी शाकाहारी हॅगिस (मूळचा मांसाचा स्कॉटिश पदार्थ), आणि रांग मोठी. छत्री नेऊ नका, ग्लेनकोत ती उलटी होते. टोपीवालं वाराबंद जाकीट हवं, आत स्वेटर. बायकांच्या संडासाला रांग लागते, तर आधी तिकडे, मग दुकान. आपले लोक नेमकं उलटं करतात.

आता तुम्ही जे लिहिलेलं नाही ते. वडिलांचे गुडघे खरंच वाईट असतील तर मोठ्या कोचच्या चार-पाच उभ्या पायऱ्या दिवसातून सहा-सात वेळा चढाव्या लागतील, ते आधी विचारात घ्या आणि बुक करताना कंपनीला विचारा. लहान मूल बरोबर असेल तर पाच वर्षांखालच्यांना बऱ्याच टूर घेतच नाहीत. आणि तुम्ही चार दिवस राहणार असाल, स्काय बेटावर जाणार असाल, चालवणारे दोघे असाल, तर गाडी घ्या, मेहुण्याला सांगू नका मी असं म्हणालो.

महिनाही लिहिला नाहीत. मे ते सप्टेंबर मिजेस नावाचे बारीक चावरे किडे असतात, वारा पडला की थव्याने येतात, बसमध्ये नाही पण थांब्यांवर हमखास. ऑगस्टमध्ये हेदर नावाचं झुडूप फुलतं, डोंगर जांभळे होतात, गर्दीही तेव्हाच. ऑक्टोबरचे पहिले दोन आठवडे मला सर्वांत आवडतात. डिसेंबर असेल तर वर लिहिलेलं सगळं बाजूला ठेवा: साडेतीन-पावणेचारला सूर्य मावळतो, म्हणजे लॉख नेसवरून निघता निघता काळोख, आणि परतीचा अख्खा रस्ता काळ्या काचेत स्वतःचं तोंड बघत यावा लागतो. तेव्हा स्टर्लिंग आणि लॉख लोमंडची छोटी टूर घ्या.