भावाला पुन्हा मनोरुग्णालयात दाखल करावं लागलं तर उपचार त्याच्या इच्छेप्रमाणे व्हावेत म्हणून घरच्यांना आधी काही लिहून देता येतं का? शिवाय ओपीडीत ओळख झालेल्या रुग्णांचा गट करायचा आहे, सुरुवात कशी करावी? (गोवा)

घरच्यांनी नाही, भावाने स्वतः, आणि तेही बरा असताना. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 चं कलम 5 त्यासाठीच आहे.

आधी त्याने प्रतिनिधी नेमावा, म्हणजे तो स्वतः ठरवू शकत नसेल तेव्हा त्याच्या वतीने बोलणारा माणूस. कलम 14 प्रमाणे साध्या कागदावर त्याची सही किंवा अंगठा आणि प्रतिनिधीची लेखी संमती एवढं पुरतं. प्रतिनिधी सज्ञान हवा, नातेवाईकच हवा असं नाही. कोणालाच नेमलं नाही तर नातेवाईक आपोआप पुढे येतो. मग ज्याच्याशी घराच्या वाटणीवरून बोलणं बंद आहे, तोच दाखल करायच्या अर्जावर सही करायला हजर!

दुसरा कागद म्हणजे आगाऊ सूचनापत्र, म्हणजे कोणते उपचार हवेत आणि कोणते नकोत ते. त्यावर भावाची, प्रतिनिधीची आणि दोन साक्षीदारांची सही घ्यायची आणि याच कायद्याखालच्या मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे नोंद करायची. 'इंजेक्शन नको' एवढंच लिहिलं तर ड्युटीवरच्या डॉक्टरला काही कळत नाही. 'हॅलोपेरिडॉलच्या इंजेक्शननंतर मान वाकडी झाली, जबडा आखडला. दुसरं औषध द्यावं' असं लिहा. लिथियम (मूड स्थिर ठेवणारं औषध) चालू असेल तर डोस आणि शेवटची रक्तपातळी लिहा. बिघडायला लागल्याची पहिली खूण कोणती, कोणाला फोन करायचा, घराची किल्ली कोणाकडे, हेही येऊ दे. भूल न देता शॉक देण्यावर कायद्यातच बंदी आहे, त्यासाठी जागा घालवू नका.

प्रत दिलेली नसेल तर सूचना पाळली नाही म्हणून डॉक्टर जबाबदार ठरत नाही. म्हणून बांबोळीच्या मानसोपचार संस्थेच्या ओपीडीत केसपेपरला प्रत लावून घ्या आणि एक प्रतिनिधीकडे ठेवा. तातडीच्या उपचाराला मात्र (जास्तीत जास्त 72 तास) हे पत्र लागू होत नाही. शिवाय डॉक्टर मंडळाकडे जाऊन ते बदलून मागू शकतात. तेव्हा भावाची बाजू ऐकून घ्यावीच लागते. कलम 89 खाली, म्हणजे प्रतिनिधीच्या अर्जावरून, दाखल केलं तर मुदत 30 दिवसांची, आणि त्याविरुद्ध तो किंवा प्रतिनिधी मंडळाकडे दाद मागू शकतो. मोफत वकिलासाठी 15100 ला फोन करा.

ओपीडीत ओळख झालेल्या रुग्णांचा गट करायचा म्हणता, तर पहिलं काम ही पत्रं लिहिण्याचंच घ्या. जोडीजोडीने बसा, एकाने विचारायचं, दुसऱ्याने आपल्या शब्दांत सांगायचं. घरच्यांना त्या बैठकीत घेऊ नका. आई शेजारी असली की उत्तरं बदलतात. औषध बंद करायचा सल्ला कोणी कोणाला द्यायचा नाही, हा नियम पहिल्याच दिवशी सांगा. कोणी जीव द्यायची भाषा केली तर त्याला एकटं सोडायचं नाही आणि तिथूनच 14416 ला, म्हणजे टेलिमानसला, फोन लावायचा. म्हापशाची 'कूज' संस्था या क्षेत्रात जुनी आहे, सुरुवातीला तिथे विचारा.

औषध बदललं की पत्रही बदला. जुनी प्रत फाईलमध्ये राहिली, तर रात्री दोन वाजता तीच वाचली जाते.