पहिल्या मिनिटाची थरथर: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न: माझ्याकडे २००४ची बीएमडब्ल्यू झेड४ आहे, ३.० लिटर, मॅन्युअल. सोसायटीच्या पोडियम पार्किंगमध्ये आठवडाभर उभी असते, रविवारी पहाटे बाहेर निघते. सेल्फ मारला की आरपीएम अकराशेपर्यंत चढतो, मग एकदम पाचशेवर येतो आणि मिनिट-दीड मिनिट गाडी थरथरत राहते. त्यानंतर सगळं सुरळीत. पावसाळ्यापासून त्रास वाढलाय. स्कॅनरवर पी०१७१ आणि पी०१७४ हे दोन कोड आले. गॅरेजमध्ये सहाही प्लग बदलले, फरक शून्य. आता सहा कॉइल आणि एअर मास सेन्सर बदलू म्हणतात. बदलू का?
— एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर: इतक्यात नको. तुमच्याकडे आलेले दोन कोडच कॉइल, म्हणजे प्लगला ठिणगीची वीज देणारे भाग, निर्दोष असल्याची साक्ष देतायत. तुमच्या गाडीतलं एम५४ इंजिन एका रांगेत सहा सिलिंडरचं असलं, तरी कॉम्प्युटर त्याचे दोन गट धरतो: १ ते ३ आणि ४ ते ६. प्रत्येक गटाला स्वतःचा ऑक्सिजन सेन्सर आहे. पी०१७१ म्हणजे पहिल्या गटात पेट्रोल कमी पडतंय, पी०१७४ म्हणजे दुसऱ्यातही. कॉइल गेली असती तर एकच सिलिंडर मिस झाला असता आणि पी०३०१ ते पी०३०६ यांतला एखादा कोड आला असता. दोन्ही गट एकाच वेळी लीन होतात (हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं) तेव्हा कारण दोघांना सामाईक असतं: मोजणीतून सुटलेली हवा, कमी पडणारं पेट्रोल, किंवा हवा चुकीची मोजणारा सेन्सर.

सेन्सरची शंका फुकटात फिटते. गाडी रात्रभर थंड झालेली असताना, स्विच बंद ठेवून, एअर मास सेन्सरचा कनेक्टर काढा आणि मग सेल्फ मारा. चेक इंजिनचा दिवा लागेल, लागू दे. कॉम्प्युटर अंदाजाने पेट्रोल देऊ लागतो. थरथर साफ गेली तर सेन्सर संशयित. तशीच राहिली तर सेन्सरचे पैसे खिशात राहू द्या. तेल लावलेला ‘स्पोर्ट्स’ एअर फिल्टर बसवलेला असेल तर मात्र आधी सेन्सर त्याच्यासाठीच मिळणाऱ्या क्लीनरने धुवा. फिल्टरचं तेल सेन्सरच्या आतल्या पातळ फिल्मवर जाऊन बसतं.

आता थरथर मिनिटभरच का, हा मुद्दा. थंड सुरुवातीला ऑक्सिजन सेन्सर गरम झालेले नसतात. तेवढा वेळ कॉम्प्युटर ठरलेल्या तक्त्याप्रमाणे पेट्रोल सोडतो, जळलेल्या वायूत काय निघतंय याची त्याला खबर नसते. सेन्सर जागे झाले की कमी पडणारं पेट्रोल तो वाढवून देतो आणि गाडी शांत होते. शिवाय गरम झालेलं रबर फुगतं आणि बारीक चीर स्वतःच मिटते. याच मिनिटभरात पुढून येणारा व्हॅक्यूम क्लीनरसारखा आवाज सेकंडरी एअर पंपाचा आहे. तो एक्झॉस्टमध्ये हवा सोडतो, त्याला दोष देऊ नका.

कोणताही भाग सोडवण्याआधी दोन आकडे घ्या. साधा ओबीडी डोंगल (गाडीच्या स्कॅनर-सॉकेटमध्ये लावायचा छोटा रीडर) आणि मोबाइल पुरेसा आहे. गाडी पूर्ण गरम करा, एसी बंद करा. फ्युएल ट्रिम म्हणजे कॉम्प्युटर ठरलेल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतोय किंवा कमी करतोय तो आकडा. शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म ट्रिमची बेरीज दोन्ही गटांसाठी आयडलला, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना, लिहून घ्या. मग आरपीएम २५००वर अर्धा मिनिट स्थिर धरा आणि पुन्हा लिहा. आयडलला बेरीज मोठी आणि २५००वर बरीच कमी, तर कुठूनतरी हवा खेचली जातेय. आयडलला थ्रॉटल (हवा आत सोडणारी झडप) जवळजवळ मिटलेला असतो, त्यामुळे फटीतून शिरलेली हवा एकूण हवेचा मोठा हिस्सा ठरते. थ्रॉटल उघडला की तीच फट नगण्य होते. उलट २५००वर आकडा तेवढाच राहिला किंवा वाढला, तर पेट्रोलचा दाब किंवा एअर मास सेन्सर बघायचा. इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या रेलवर दाब साधारण ३.५ बार हवा.

या आकड्यांत हल्ली एक जास्तीचा वाटेकरी आहे, आणि गॅरेजमध्ये त्याचा हिशोब क्वचितच धरला जातो: ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. निव्वळ पेट्रोलला एका किलोमागे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९. वीस टक्के मिश्रणात हे प्रमाण १३.५च्या आसपास येतं. म्हणजे तुमच्या २००४च्या कॉम्प्युटरला तेवढ्याच हवेसाठी ७-८ टक्के जास्त पेट्रोल सोडावं लागतं, आणि ही वाढ सगळ्या आरपीएमवर सारखी दिसते. म्हणून आधी ते वजा करा. आयडलला +८ आणि २५००वरही +८ असेल तर गाडीत बिघाड नाही, टाकीत इथेनॉल आहे. आयडलला +२२ आणि २५००वर +९ असेल तर नऊतले बहुतेक पेट्रोलचे आणि वरचे तेरा फटीचे. दोन्ही मिळून कॉम्प्युटरची दुरुस्तीची मर्यादा संपते आणि कोड पडतो. पूर्वी जी बारीक चीर निभावून जायची, ती आता निभत नाही ती यामुळेच. इथेनॉल थंडपणी पेट्रोलइतकं सहज वाफ होत नाही, त्यामुळे पहिल्या मिनिटात ओढाताण आणखी जाणवते.

पेट्रोलमध्ये इथेनॉल किती, हे घरी बघता येतं. शंभर मिलीच्या काचेच्या मोजपात्रात २० मिली पाणी आणि ८० मिली पेट्रोल घ्या, तोंड बंद करून हलवा, दहा मिनिटं ठेवा. इथेनॉल पाण्यात उतरतं. खालचा थर २० मिलीच राहिला तर इथेनॉल नाही, ३५-३६च्या आसपास गेला तर ई२०. हे उघड्यावर करा, स्वयंपाकघरात अजिबात नको.

आकड्यांवरून फट निघाली तर स्मोक टेस्ट, म्हणजे हवेच्या वाटेत धूर सोडून तो कुठून बाहेर येतो ते बघणं. वागळे इस्टेट किंवा तुर्भे एमआयडीसीतल्या, युरोपीय गाड्या हाताळणाऱ्या वर्कशॉपमध्ये मशीन असतं का ते फोनवर विचारून घ्या. दोन अटी आधीच सांगा. गाडी रात्रभर तिथे उभी राहील आणि टेस्ट सकाळी थंड इंजिनवर होईल. तासभर चालवून नेलेल्या गाडीत मिटलेली चीर धूर दाखवत नाही आणि ‘लीक नाही’ असा शेरा मिळतो. दुसरी अट दाबाची: एक पीएसआयच्या आत. टायरच्या कॉम्प्रेसरची नळी थेट लावली तर चांगला डायफ्रामही फाटतो.

धूर कुठे शोधायचा? एम५४मध्ये ठिकाणं ठरलेली आहेत. पहिलं, एअर मास सेन्सर आणि थ्रॉटल यांच्यामधला रबरी बूट. वरून ठणठणीत दिसतो, चीर खालच्या बाजूला घड्यांच्या आत असते. तो काढून, हातात पिळून बघितल्याशिवाय पास करू नका. त्याच्यापासून आयडल कंट्रोल व्हॉल्व्हकडे जाणारी छोटी नळी त्याच वयाची, तीही बदला. दुसरं, इनटेक मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांच्या) मागच्या टोकाला असलेल्या रबरी टोप्या. किंमत किरकोळ, पण फुटल्या की शेवटच्या सिलिंडरांजवळ सरळ हवा शिरते. तिसरं, ब्रेक बूस्टरकडे जाणाऱ्या नळ्या. पोडियममध्ये उंदीर असतील तर त्यांचे दात आधी इथे आणि वायरिंगवर शोधा. चौथं, डिसा व्हॉल्व्ह, म्हणजे मॅनिफोल्डमधली हवेची वाट बदलणारी झडप. टॉर्क्स टी४०चे दोन स्क्रू काढले की तो हातात येतो. ओ-रिंग कडक झालेली असते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे आतल्या झडपेची पिन आणि झडप हलवून बघा. ढिली असेल तर तशी बसवू नका, तुटलेला तुकडा इंजिनात जातो. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुना डिसा मिळेल, पण प्लास्टिक आणि रबर जुनं घेण्यात अर्थ नाही.

पाचवं ठिकाण मॅनिफोल्डखाली लपलेलं आहे: क्रँककेस व्हेंटिलेशन व्हॉल्व्ह, म्हणजे इंजिनाच्या पोटातली वाफ इनटेकमध्ये सोडणारा व्हॉल्व्ह. आतला डायफ्राम फाटला की हवा आणि तेलाची वाफ दोन्ही इनटेकमध्ये ओढली जातात. परीक्षा सोपी. इंजिन आयडलला असताना ऑइल भरायचं झाकण काढा आणि तोंडावर पातळ प्लास्टिकची पिशवी धरा. हलकी ओढ हवी. पिशवी खसकन आत खेचली गेली तर डायफ्राम गेलेला. आणि झाकण काढल्यावर आयडलमध्ये काहीच फरक पडला नाही, तर दुसरीकडे आधीच मोठी फट आहे. व्हॉल्व्ह बदलताना त्याच्या चारही नळ्या बरोबर घ्या, कारण वीस वर्षांच्या नळ्या काढतानाच तुटतात. डिपस्टिकच्या नळीत तेल परत जायचा मार्ग चिकट मळीने बुजतो, तोही साफ करून घ्या. नाहीतर नवा व्हॉल्व्ह तेल प्यायला लागेल. मॅनिफोल्ड बाजूला केलाच आहे तर आयडल कंट्रोल व्हॉल्व्ह कार्ब क्लीनरने धुवा. हातात घेऊन झटका दिला की आतली झडप मोकळी फिरली पाहिजे. अकराशेवरून पाचशेवर आपटणारा आरपीएम अडकलेल्या झडपेचंही लक्षण असू शकतो.

पावसाळ्यात वाढलं, याचं एक कारण गाडी जास्त दिवस उभी राहणं. दुसरं शक्य कारण प्लगच्या विहिरींत आहे. प्लग काढले तेव्हा कॉइलचे रबरी बूट तेलकट होते का, हे फिटरला विचारा. व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट गळलं की तेल तिथे उतरतं, बूट फुगून चिरतो आणि दमट हवेत स्पार्क वाट सोडतो. तसं असेल तर आधी गॅस्केट, मग ज्या कॉइलवर चिरा दिसतात तेवढीच.

आणखी एक आकडा पहाटे बघा. सेल्फ न मारता स्विच ऑन करून कूलंट आणि इनटेक हवा यांचं तापमान वाचा. रात्रभर उभ्या गाडीत दोन्ही जवळजवळ सारखे हवेत. हवा २६ आणि कूलंट ४५ दाखवत असेल तर सेन्सर खोटं बोलतोय आणि थंड इंजिनाला लागणारं जादा पेट्रोल मिळतच नाही.

हे सगळं स्वच्छ निघालं तरच व्हॅनोसच्या (व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ बदलणाऱ्या यंत्रणेच्या) कडक झालेल्या सीलकडे वळा. त्यांनी थंड आयडल थोडं डुलतं, पण खालच्या आरपीएमला पिकअपही गेलेला असतो आणि तुमच्या पत्रात तशी तक्रार नाही. दुरुस्तीनंतर स्कॅनरने अ‍ॅडॅप्टेशन (कॉम्प्युटरने साठवलेल्या जुन्या दुरुस्त्या) पुसून टाका, नाहीतर कॉम्प्युटर जुन्या सवयीने जादा पेट्रोल देत राहील. दोन-तीन वेळा गाडी पूर्ण गरम होईपर्यंत चालवा आणि तेच दोन आकडे पुन्हा घ्या. आयडल आणि २५०० यांतला फरक तीन-चारच्या आत आला की काम झालं.

प्रश्न: २००१ची पोर्शे बॉक्सस्टर आहे. सुरू करताना पांढऱ्या-निळ्या धुराचा लोट येतो आणि आयडल खडबडीत होतो. इंजिन गेलं का?
— एक वाचक, नेरुळ

उत्तर: या इंजिनात सिलिंडर आडवे असतात, त्यामुळे बरेच दिवस उभी राहिल्यावर, विशेषतः एका बाजूला कलून, एखादा फुसका धूर नेहमीचा धरावा. काही सेकंदांत विरला आणि आयडल ताळ्यावर आलं तर विसरून जा. धूर मिनिटभर टिकतो आणि आयडल ओढल्यासारखं होतं, तेव्हा एअर-ऑइल सेपरेटर तपासा. काम वरच्या गाडीतल्या क्रँककेस व्हॉल्व्हचंच, आणि परीक्षाही तीच: आयडलला ऑइलचं झाकण ओढून निघत नसेल, इतकी ओढ असेल, तर सेपरेटरचा डायफ्राम फाटलाय. अशी गाडी ‘थोडे दिवस चालवू’ म्हणू नका. तेल मोठ्या प्रमाणात इनटेकमध्ये ओढलं गेलं तर सिलिंडरमध्ये साचून कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. धुराने मागचं दिसेनासं झालं तर तत्क्षणी स्विच बंद करा आणि गाडी टो करून न्या. एक साधी गोष्ट आधी बघा: सर्व्हिसमध्ये ऑइल खुणेच्या वर भरलंय का. जादा ऑइलनेही हाच तमाशा होतो, आणि तो थोडं तेल काढून थांबतो.

प्रश्न: माझी जुनी मर्सिडीज एसएलके एरवी एकदम शांत चालते. फक्त पेट्रोल भरून पंपावरून निघताना सेल्फ लांबतो आणि अर्धा मिनिट मिसिंग होतं. पेट्रोलचाच दोष ना?
— एक वाचिका, सीबीडी बेलापूर

उत्तर: बहुधा नाही. पर्ज व्हॉल्व्ह बघा. टाकीतली वाफ कोळशाच्या डब्यात साठते आणि हा व्हॉल्व्ह ती ठरल्या वेळी इनटेकमध्ये सोडतो. तो उघडा अडकला की टाकी भरताना दाबली गेलेली वाफ सुरू होतानाच आत जाते आणि मिश्रण रिच होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त होतं. व्हॉल्व्ह काढून, कनेक्टर न लावता, तोंडाने फुंकून बघा, अर्थात पेट्रोलच्या बाजूने नव्हे. वीज नसताना हवा अजिबात आरपार जाता कामा नये. गेली तर बदला. छोटा भाग आहे आणि काम अर्ध्या तासाचं. आणि पंपावर नोझल एकदा टक् करून थांबलं की रक्कम पूर्ण करायला वरून पेट्रोल भरू देऊ नका. ते द्रवरूपात कोळशाच्या डब्यात जातं, आणि डबा भिजला की नवा व्हॉल्व्हही फार काळ साथ देत नाही.

प्रश्न: रोज सकाळी गाडी पाच मिनिटं जागेवर चालू ठेवावी का?
— एक वाचक, कोलशेत, ठाणे

उत्तर: नको. आपल्या हवामानात अर्धा मिनिट पुरे, मग तापमान चढेपर्यंत तीन हजारांच्या आत चालवा. न हलवता पाच मिनिटं चालवल्याने ऑइलमध्ये पेट्रोल आणि पाणी उतरतं, आणि ते उडून जाईल इतकं इंजिन तापत नाही. उभ्या गाडीसाठी आठवड्यातून एकदा वीस मिनिटांची खरी फेरी बरी.