कुत्र्यासह हॉटेलात मुक्काम : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

जुना कारखाना, गोदाम, कधी चक्क तुरुंग. अशा इमारती सजवून केलेली शहरांतली हटके हॉटेलं आता पाहुण्यांच्या कुत्र्यांनाही खोलीत घेतात. त्याविषयी आलेल्या प्रश्नांपैकी काही निवडक प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : जाहिरातीत ‘कुत्र्यांचं स्वागत’ असं लिहिलेलं असलं, तर तेवढ्यावर बुकिंग करावं का?

करू नका. आधी फोनवर बोला आणि ठरलेलं सगळं ईमेलवर लेखी मागवून घ्या. वजनाची किंवा जातीची अट आहे का, एका खोलीत किती प्राणी चालतात, शुल्क रात्रीमागे आहे की पूर्ण मुक्कामाचं, परत मिळणारं डिपॉझिट वेगळं आणि परत न मिळणारं सफाईशुल्क वेगळं आहे का, हे विचारा. सर्वांत महत्त्वाचा प्रश्न मात्र बहुतेक जण विसरतात : कुत्र्याला खोलीत एकटं ठेवायला परवानगी आहे का? अनेक ठिकाणी ती नसते. नाश्त्याच्या दालनातही कुत्र्याला प्रवेश नसेल, तर घरच्यांनी आळीपाळीने जेवायचं, एवढाच पर्याय उरतो.

खोली शक्यतो खालच्या मजल्यावरची, लिफ्टपासून लांबची मागा. शेजारच्या खोलीत उघडणारं मधलं दार असेल तर ती घेऊ नका. त्या दारातून पलीकडचा प्रत्येक आवाज आत येतो आणि तुमच्या कुत्र्याचं भुंकणं पलीकडे जातं.

लसीकरणाचं कार्ड सोबत ठेवा. सीमा ओलांडून जाणार असाल तर बऱ्याच देशांत रेबीजच्या पहिल्या लशीनंतर 21 दिवस थांबावं लागतं आणि 15 अंकी ओळखक्रमांकाची मायक्रोचिप (कातडीखालची बारीक चिप) लस देण्याच्या आधी बसवलेली असावी लागते. जिथे बरेच कुत्रे येतात-जातात तिथे केनेल कफची, म्हणजे कुत्र्यांच्या संसर्गजन्य खोकल्याची, लागण सहज होते. त्या लशीबद्दल पशुवैद्यांना निघण्याच्या दोन-तीन आठवडे आधीच विचारा.

प्रश्न : आम्ही निवडलेल्या हॉटेलात काचेचा जिना, गुळगुळीत सिमेंटची फरशी आणि लॉबीत प्राण्यांचे मोठाले पुतळे आहेत. आमची कुत्री बुजरी आहे. तिला जमेल का?

बहुतेक कुत्र्यांना जमतं, पण वेळ द्यावा लागतो. आपल्याला जी सजावट गमतीची वाटते, ती कुत्र्याला तशी वाटण्याचं काहीच कारण नाही. काचेच्या पायरीवर डोळ्यांना खालची पोकळी दिसते आणि पायाला मात्र टणक काहीतरी लागतं. या दोन्हींचा मेळ बसत नाही म्हणून कुत्रं पायरीवर थिजतं. तिथे ओढलंत तर पुढच्या वेळी ते जिन्याच्या दहा फूट अलीकडेच बसकण मारेल. दुसरी वाट असेल तर सरळ तीच घ्या, नसेल तर पायऱ्यांवर टॉवेल अंथरून एकेक पायरी करवून घ्या. गोल जिन्याच्या पायऱ्या आतल्या बाजूला अरुंद असतात. लांब पाठीच्या किंवा मोठ्या कुत्र्याला तिथे वळता येत नाही, म्हणून बाहेरच्या बाजूने चालवा. लहान कुत्र्याला उचलून घ्या.

गुळगुळीत फरशीवर घसरायला होतं त्याचं कारण बहुधा नखं. ती लांब असली की पंजाच्या गादीऐवजी नखच जमिनीला टेकतं. नखं आणि पंजाच्या गाद्यांमधले केस निघण्याच्या तीन-चार दिवस आधी कापा. आदल्या दिवशी नको, कारण एखादं नख खोलवर कापलं गेलं तर प्रवासभर लंगडणं आलं. योगाची मॅट बॅगेत मावते. पलंगाजवळ आणि पाण्याच्या भांड्याखाली तिचेच तुकडे अंथरा.

पुतळ्यांच्या बाबतीत अंतर हेच औषध. ज्या अंतरावर कुत्री पुतळ्याकडे बघते, पण तुमच्या हातचा खाऊ घेते, तिथून सुरुवात करा. खाऊ नाकारला, तोंड मिटून ओठ चाटू लागली, सारखी जांभई देऊ लागली, की तुम्ही फार जवळ आला आहात. मागे फिरा. पुतळ्याच्या समोरून सरळ न जाता अर्धगोल करून बाजूने जा आणि तिला हुंगायचं असेल तर हुंगू द्या.

एक गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. माणूस आला की दिवे लावणारे काही सेन्सर 25 ते 40 हजार हर्ट्‌झचा आवाज सोडतात. माणसाला साधारण 20 हजारांपर्यंतचंच ऐकू येतं, कुत्र्याला जवळपास 45 हजारांपर्यंतचं. कुत्री छताच्या एकाच कोपऱ्याकडे बघत राहिली आणि आत यायला तयार नसेल, तर हट्टीपणा समजू नका. खोली बदलून मागा. सुगंधी तेलाचं यंत्रही बंद करायला सांगा, टी ट्री तेल कुत्र्यांना विषारी असतं.

प्रश्न : लिफ्टची सवय नाही. काही विशेष काळजी?

हो, आणि ती गंभीर आहे. पट्ट्याचं एक टोक आत, कुत्रा बाहेर आणि दार बंद, असा अपघात जीवघेणा असतो, कारण दाराच्या सेन्सरला बारीक पट्टा कळेलच याची खात्री नसते. लिफ्टपाशी लांब होणारा पट्टा वापरू नका. साधा पट्टा हाताभर उरेल एवढा गुंडाळा, कुत्र्याला तुमच्याबरोबरच आत घ्या, मागच्या कोपऱ्यात बसवा आणि शेपूट बाहेर राहिली नाही हे पाहूनच बटण दाबा. उतरताना एका हाताने दार रोखून धरा. सरकत्या जिन्यावर कुत्र्याला कधीच चालवू नका, पायऱ्यांच्या फटीत बोटं अडकतात. गोल फिरणारं दारही टाळा, त्याच्या शेजारी साधं दार बहुधा असतंच.

प्रश्न : आम्ही जेवायला गेलो की तो भुंकतो, रडतो. दोन तास तरी एकटा राहील असं काय करता येईल?

हे हॉटेलात शिकवता येत नाही, घरीच शिकवून न्यावं लागतं. हाती तीन-चार आठवडे असावेत. कुत्र्याची स्वतःची चटई किंवा क्रेट (पिंजरा) घ्या आणि घरातल्या, तो फारसा न जाणाऱ्या खोलीत ठेवा. त्याला तिथे बसवून अर्धा मिनिट बाहेर जा आणि परत या. मग एक मिनिट, तीन, परत एक, पाच, दोन, आठ. वेळ सतत वाढवत नेली की कुत्र्याला प्रत्येक खेप आधीच्याहून अवघड जाते, म्हणून मधूनमधून सोपी खेप द्या. फोन आत ठेवून चित्रीकरण करा. रडारड बहुतेक पहिल्या अर्ध्या तासात होते, तेव्हा तेवढा वेळ शांत गेला तर पुढचा टप्पा बराच सोपा होतो. घरी जमलं की तीच चटई नातेवाइकांकडे नेऊन पहा. हा टप्पा गाळणारेच हॉटेलात फसतात.

पोचलात त्या संध्याकाळी बाहेर जेवायचा बेत ठेवू नका. आधी चांगलं फिरवून आणा, खोली हुंगू द्या. तो आपणहून आडवा झाला की दोन मिनिटं बाहेर उभे राहा, नंतर दहा मिनिटं लॉबीत जाऊन या. चटई दारापासून लांब ठेवा, पडदे ओढा आणि टीव्ही हळू आवाजात चालू ठेवा, म्हणजे बाहेरची पावलं कमी ऐकू येतात. आतलं अन्न गोठवलेलं पोकळ रबरी खेळणं द्या, चाटण्यात बराच वेळ जातो. ‘आत येऊ नका’ची पाटी दाराला लावा आणि रिसेप्शनवर तुमचा फोन नंबर द्या. सफाईवाल्याने दार उघडलं आणि कुत्रा निसटला, ही नेहमीची दुर्घटना आहे.

दाराशेजारच्या खाचेत कार्ड ठेवल्यावरच वीज चालू राहते अशा खोल्या पुष्कळ असतात. कार्ड खिशात घालून तुम्ही निघालात की एसी, पंखा, टीव्ही सगळं बंद. बंद खोली तापू लागते, आणि कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, धापा टाकूनच तो अंग थंड करतो. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तेही नीट जमत नाही. दुसरं कार्ड मागून घ्या आणि ते खाचेतच राहू द्या.

लाळ गळणं, दार ओरबाडून नखं तोडून घेणं असा प्रकार असेल, तर कुत्र्याला एकटं ठेवूच नका, पशुवैद्यांशी बोला. औषध दिलं तर त्याची पहिली मात्रा घरी, तुम्ही समोर असताना द्या. एसीप्रोमाझिनसारख्या औषधाने शरीर सुस्त पडतं, भीती मात्र तशीच राहते.

प्रश्न : नव्या जागी तो तासन्‌तास शू करत नाही. काय करावं?

मातीची किंवा गवताची सवय असलेल्या कुत्र्याला फरसबंदीवर शू करायची असते हेच कळत नाही. निघण्यापूर्वी महिनाभर, तो शू करत असताना एकच ठरलेला शब्द म्हणत जा. पोचल्यावर खोलीत नेण्याआधीच एखादा शांत कोपरा शोधा आणि पाच-दहा मिनिटं पट्टा धरून तिथेच उभे राहा. हिंडत राहिलात तर तो हुंगण्यात गुंततो. पुढच्या प्रत्येक वेळी तोच कोपरा, दिवसा दर तीन-चार तासांनी. चोवीस तासांत शू झाली नाही तर पशुवैद्यांकडे न्या. कुत्रा जोर देतोय आणि थेंबही येत नाही, असं असेल तर एक तासही थांबू नका.

ताणामुळे शी पातळ होते, म्हणून खाणं घरचंच न्या आणि दोन दिवसांचं जास्तीचं ठेवा. पाणी दर किलो वजनामागे दिवसाला साधारण 50 ते 60 मिली लागतं.

प्रश्न : खोलीत पोचल्यावर आधी काय तपासावं?

कुत्र्याला एकाने बाहेर धरावं, दुसऱ्याने आत जाऊन पलंगाखाली आणि कपाटामागे उंदरांचं औषध आहे का ते पाहावं. मिनीबारमधलं चॉकलेट, मनुका, मॅकाडेमिया, कॉफी आणि बिनसाखरेचं च्युइंगगम उंचावर ठेवा. अशा च्युइंगगममधल्या झायलिटॉल या साखरेऐवजीच्या गोड पदार्थाने अर्ध्या तासातही रक्तातली साखर धोकादायक पातळीला उतरू शकते. कुंडीत सायकस हे ताडासारखं दिसणारं विषारी झाड असेल तर ती बाहेर काढायला सांगा. काही पोटात गेलंच तर वेष्टन हातात ठेवून पशुवैद्यांना फोन करा. मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका, त्या मिठाचीच बाधा होते.

प्रश्न : गालिच्यावर शू झाली तर?

चोळू नका. कोरडा टॉवेल घडी करून त्यावर पायाने दाबा, ओला झाला की बदला. मग थंड पाण्याने भिजवून पुन्हा टिपा. गरम पाणी किंवा वाफ वापरल्याने डाग बसतो. अमोनिया असलेलं क्लीनर तर नकोच, त्याचा वास कुत्र्याला लघवीसारखा येतो आणि तो परत तिथेच जातो. एन्झाइम क्लीनरची (लघवीतले वासाचे घटक मोडणाऱ्या द्रवाची) छोटी बाटली सोबत ठेवा. ते ओल जेवढी खोल गेली असेल तेवढं मुरेल असं भरपूर ओता आणि बाटलीवर दिलेला वेळ पुरता थांबा. नुसतं वर फवारलं तर खालच्या अस्तरातला वास तसाच राहतो. रिसेप्शनला त्याच वेळी कळवा. डाग ताजा असताना त्यांची माणसं गालिचा वाचवू शकतात, आणि तुमचं डिपॉझिटही.