नायकाच्या नावाचा रकाना

वाचकांचे प्रश्न : घरचं ग्रंथालय

प्रश्न : बाई, सप्रेम नमस्कार. माझे वडील एस.टी.त वाहक होते. बत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी स्टँडवरच्या स्टॉलवरून, रद्दीवाल्यांकडून आणि बंद पडलेल्या वाचनालयांकडून रहस्यकथा जमवल्या. गेल्या वर्षी ते गेले. मिरजेच्या घरी चौदा लोखंडी ट्रंका आहेत. मोजली तर २,६४० पुस्तकं भरली. मला त्यांची नीट यादी करायची आहे. लेखकवार लावू की नाववार? कित्येक पुस्तकांवर सालच नाही, काहींची पहिली पानं गळली आहेत. तीनशेच्या आसपास पुस्तकं दोनदा आहेत, ती काढून टाकू का? पुतण्या म्हणतो मोबाइलवर ॲप असतं, कोड दाखवला की सगळी माहिती येते. आणि पुस्तकांत खुणेसाठी घातलेली एस.टी.ची जुनी तिकिटं निघतात, त्यांचं काय करू?
– एक वाचक, मिरज

उत्तर : नमस्कार. तुमचं पत्र दोनदा वाचलं, आणि आधी एकच विनंती करते : ट्रंका रिकाम्या करू नका.

यादी करायची म्हटलं की माणूस आधी सगळं जमिनीवर ओततो आणि ढीग लावायला बसतो. वडिलांनी एकाच फेरीत, एकाच स्टँडवर घेतलेली पुस्तकं बहुधा एकमेकांशेजारी असतील. ती शेजारची जागा हीसुद्धा माहिती आहे आणि एकदा मोडली की परत जुळवता येत नाही. ट्रंकांना १ ते १४ आकडे द्या. एक ट्रंक उघडा, वरून एकेक पुस्तक काढा, नोंद करा, त्याच क्रमाने परत ठेवा. लेखकवार, नाववार, सालवार हे सगळं नंतर यादीतून करता येतं, त्यासाठी पुस्तकं हलवावी लागत नाहीत.

वाचनालयात आम्ही पुस्तक आलं की आधी दाखल नोंदवहीत चढवायचो. त्याला एक दाखल क्रमांक मिळायचा, तो पुस्तक बाद होईपर्यंत त्याचाच. तुम्हीही १ पासून २,६४० पर्यंत सरळ आकडे द्या. आकड्यात लेखकाचं अक्षर, ट्रंकेचा नंबर असलं काही घुसवू नका. आकडा मऊ पेन्सिलीने लिहा, पेनाने नको, स्टिकर तर मुळीच नको. आणि दोन ठिकाणी लिहा : एकदा मलपृष्ठाच्या आतल्या बाजूला, एकदा मधल्या एका ठरलेल्या पानावर. आमचं गुप्त पान असायचं. सभासदाला ठाऊक नसलेल्या त्या पानावर शिक्का असे. मुखपृष्ठ फाटलं, पहिली पानं गेली तरी पुस्तक कुणाचं ते कळायचं. तुम्ही पान ३३ ठरवा. ही पुस्तकं स्वस्त कागदाची, दोन टाचण्यांवर तोललेली. आधी टोकाची पानं जातात, मधली टिकतात.

आता रकाने. पुस्तकाचं नाव जसं छापलंय तसं, लेखक, प्रकाशक आणि गाव, मुद्रक, पानं, किंमत, आवृत्ती, साल, अवस्था, ट्रंक. हे कुणीही सांगेल. मी आग्रह धरते तो आणखी एका रकान्याचा : नायक. देवघेवीच्या खिडकीत मी एकतीस वर्षं उभी राहिले. रहस्यकथा मागणारा सभासद पुस्तकाच्या नावाने क्वचितच मागायचा. ‘झुंजारचं नवीन आलं का?’, ‘काळा पहाड आहे का एखादं?’, ‘दारा बुलंदची सगळी वाचून झाली, आता मंदार पटवर्धन द्या.’ नावं एकमेकांसारखी असत, विसरली जात; माणूस लक्षात राहायचा. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर पुस्तकं लिहिली. तेवढ्यांतून हवं ते शोधायला झुंजार, काळा पहाड, धनंजय-छोटू याच खऱ्या वाटा आहेत. सुहास शिरवळकरांच्या बाबतीतही अमर विश्वास आणि फिरोज इराणी यांची पुस्तकं वेगळी काढता आली पाहिजेत. आमच्या तालिकेत हा रकाना नव्हता. होतं ते माझ्या डोक्यात, आणि मी निवृत्त झाले तेव्हा ते माझ्याबरोबर घरी आलं. तुमच्या वडिलांच्या संग्रहात तसं होऊ देऊ नका.

वर्गीकरणाच्या आकड्यांच्या मात्र नादी लागू नका. वाचनालयांत पुस्तकांना विषयवार आकडे देण्याची जी ड्युई पद्धत आहे, तिच्यात मराठी कथा-कादंबरीला ८९१.४६३ हा आकडा आहे. तुमच्या २,६४० पुस्तकांतल्या जवळजवळ प्रत्येकावर तोच पडेल.

लेखकाचं नाव मुखपृष्ठावर असेल तेच घ्या. अर्नाळकरांचं खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण, पण म्हणून त्यांना ‘च’मध्ये नेऊ नका, वाचक तिथे जाणार नाही. एक रूप ठरवा आणि शेवटपर्यंत तेच टंकित करा. कुठे ‘बाबूराव’, कुठे ‘बाबुराव’, कुठे ‘आर्नाळकर’ असं झालं की संगणकाला ती तीन माणसं वाटतात. छापील रूप वेगळं असेल तर ते शेऱ्यात लिहा.

सालाचा प्रश्न मला सगळ्यांत आवडला, कारण साल न छापलेलं पुस्तकही स्वतःबद्दल पुष्कळ सांगतं. आधी किंमत बघा. आणे असतील तर पुस्तक बहुतेक १ एप्रिल १९५७ च्या आधीचं, कारण त्या दिवशी दशमान नाणी आली. ‘नवे पैसे’ असेल तर १९५७ ते १९६४ च्या दरम्यानचं; १९६४ च्या जूनपासून ‘नवे’ गळून नुसते पैसे राहिले. मग प्रकाशकाचा पत्ता. ‘मुंबई ४’ असा एकच आकडा असेल तर जुनं. ‘मुंबई ४०० ००४’ असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं, कारण पिनकोड त्या दिवसापासून आला. त्यानंतर आतला मजकूर वाचा. ‘कांहीं’, ‘नाहीं’, ‘त्यानें दार उघडलें’ असे अनुस्वार ठिकठिकाणी दिसले तर ती जुनी जुळणी. १९६२ साली शुद्धलेखनाचे नवे नियम आले आणि उच्चारात नसलेले अनुस्वार हळूहळू गेले. हळूहळू हा शब्द महत्त्वाचा आहे. काही छापखान्यांनी जुनी सवय बरीच वर्षं सोडली नाही, म्हणून नुसत्या अनुस्वारावर साल ठरवू नका, किंमत आणि पत्ता यांच्या जोडीला धरा. कुठे ‘शके १८७४’ असं दिसलं तर त्यात ७८ मिळवा, १९५२ येईल. वर्षाअखेरचे पौष, माघ, फाल्गुन असतील तर ७९ मिळवावे लागतात.

मलपृष्ठावरच्या जाहिराती फाटल्या असल्या तरी फेकू नका. ‘पुढील महिन्यात प्रसिद्ध होणार’ म्हणून जे नाव दिलेलं असतं, ते पुस्तक तुमच्याकडे असलं तर दोघांचा क्रम लागतो. एका मालिकेतली पाच-सहा पुस्तकं अशी जोडली की मधल्या बिनसालाच्या पुस्तकाची जागाही कळते. मी एकदा पहिली आठ पानं नसलेल्या पुस्तकाचं साल असं तीन वर्षांच्या आत आणून ठेवलं होतं, आणि त्या दिवशीचा आनंद अजून आठवतो. असं अनुमानाने काढलेलं साल चौकोनी कंसात लिहा, पुढे प्रश्नचिन्ह घाला : [१९५५?]. छापलेलं साल आणि आपण काढलेलं साल यांची सरमिसळ झाली तर पुढच्या माणसाची फसवणूक होते.

मुद्रकाचं नावही उतरवा, ते आतल्या पानावर किंवा अगदी शेवटी बारीक अक्षरात सापडेल. १८६७ च्या कायद्याने पुस्तकावर मुद्रक आणि प्रकाशक यांची नावं व गावं छापणं सक्तीचं होतं, म्हणून स्वस्तातल्या स्वस्त पुस्तकावरही ती ओळ असायला हवी. पहिली पानं गेलेल्या पुस्तकाला कधीकधी हीच एक ओळ वाचवते. १९५० पर्यंतची पुस्तकं पडताळायला शंकर गणेश दाते यांची मराठी ग्रंथसूची आहे. पहिल्या खंडात १८०० ते १९३७, दुसऱ्यात १९३८ ते १९५०. मोठ्या वाचनालयाच्या संदर्भ विभागात बसून बघता येईल. त्यानंतरच्या स्वस्त रहस्यकथांना तसा आधार मिळेलच असं नाही, तिथे तुमची यादीही आधार होणार आहे.

ॲपबद्दल. ती ॲपं आयएसबीएन, म्हणजे पुस्तकावर छापलेला आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, ओळखतात. भारतात ते क्रमांक द्यायला १९८५ च्या सुमारास सुरुवात झाली. वडिलांची बहुतेक पुस्तकं त्याच्या आधीची दिसतात, आणि नंतरच्याही स्वस्त मालिकांवर तो क्रमांक असेलच असं नाही. पुतण्याला सांगा, साधा तक्ता बनवून दे. आकडे सगळे एकाच लिपीत भरा, नाहीतर क्रम लावताना गोंधळ होतो. मुखपृष्ठाचा आणि नाव-किंमत असलेल्या पानाचा फोटो काढून त्याला दाखल क्रमांकाचंच नाव द्या. रोज वीस पुस्तकं केलीत तर १३२ दिवस लागतील. रोज शंभर करायला जाऊ नका, तिसऱ्या दिवशी मुद्रक गाळायची इच्छा होते.

दोनदा असलेल्या पुस्तकांना यादी पूर्ण होईपर्यंत हात लावायचा नाही. पानांची संख्या, किंमत, मुद्रक, चित्र, यातलं काही वेगळं असेल तर ती दुसरी आवृत्ती आहे, दुसरी प्रत नाही. एकच कथा पुढे वेगळ्या नावाने आलेलीही सापडेल. चारही गोष्टी जुळल्या तरच जास्तीची प्रत म्हणा, आणि तेव्हाही तिच्यावरचे शिक्के आणि हस्ताक्षर बघून घ्या.

याबाबत मी इतकी हट्टी का, ते सांगते. एका वाचनालयात मी उमेदवारीत असताना समितीने ठरवलं की रहस्यकथा हे हलकं वाङ्मय आहे, जागा अडवतं. चारेकशे पुस्तकं पोत्यांत भरून किलोवर गेली. यादी करू द्या म्हणून मी एक आठवडा मागितला, तो मिळाला नाही. काय गेलं ते आज मला सांगता येत नाही. रात्रपाळीचे कामगार, दुकानांतले नोकर, स्वयंपाक उरकून दुपारी येणाऱ्या बायका या पुस्तकांवर वाचायला शिकल्या. त्यांनी हाताळून हाताळून कोपरे गोल केलेली पुस्तकं होती ती.

तिकिटं जपा. ज्या पुस्तकात, ज्या पानावर सापडलं ते तिकिटाच्या लिफाफ्यावर लिहा, दाखल क्रमांक घाला आणि लिफाफा वेगळ्या डब्यात ठेवा. तिकिटाच्या कागदाचा डाग पानावर उतरतो. शेऱ्याच्या रकान्यात ‘तिकीट, पान ७१’ एवढं पुरे. वडील कुठल्या पानापर्यंत आले होते ते त्यात राहील.

प्रश्न : रद्दीतून घेतलेल्या काही रहस्यकथांवर एका वाचनालयाचा शिक्का आहे. ती चोरीची असतील का? परत करावीत का?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : आधी ‘बाद’ असा शिक्का किंवा लाल शाईतली रेघ दिसते का बघा. असली तर वाचनालयाने ते रीतसर काढून टाकलेलं आहे, निश्चिंत राहा. नसेल आणि वाचनालय अजून चालू असेल, तर दाखल क्रमांक कळवून त्यांना विचारा. हवं म्हणाले तर परत द्या, मन मोठं करून द्या. वाचनालय बंद झालं असेल तर पुस्तक तुमच्याकडेच राहू द्या, पण शिक्का खोडू नका आणि त्यावर कागद चिकटवू नका. शेवटच्या पानावर तारखांची चिठ्ठी असेल तर तिचाही फोटो काढा. माझ्याकडे अशी एक चिठ्ठी आहे, तिच्यावर एका पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, सतरा तारखा आहेत. आठवड्याला एक माणूस ते पुस्तक वाचून परत आणत होता.