ऑफिसात विंडोज, घरी उबुंटू, हातात अँड्रॉइड: एन्क्रिप्टेड मेल कसा लावायचा?

सांगलीतल्या ऑफिसातून अशिलांची कागदपत्रं एन्क्रिप्ट करून, म्हणजे ज्याला पाठवली त्यालाच वाचता येतील अशी, पाठवायची असतील तर विंडोज आणि उबुंटू दोन्हीवर थंडरबर्ड हे मेलचं ॲप घ्या. ७८ व्या आवृत्तीपासून ओपनपीजीपी (मेल एन्क्रिप्ट करायची पद्धत) त्यातच आहे, त्यासाठी पूर्वी लागणारं एनिगमेल हे ॲड-ऑन शोधत बसू नका.

की-जोडी एकाच मशीनवर तयार करा: पब्लिक की इतरांना द्यायची, तिनं ते तुमच्यासाठी मेल बंद करतात; सिक्रेट की तुमच्याकडेच, तिनं तो उघडतो. नवखे इथंच फसतात: प्रत्येक मशीनवर नवी की बनवतात, मग ऑफिसच्या कीनं आलेला मेल घरी उघडत नाही. अकाउंट सेटिंग्जमध्ये एंड-टू-एंड एन्क्रिप्शन, तिथं ॲड की. मुदत ३ वर्षं ठेवली तरी चालते, नंतर वाढवता येते. मग की मॅनेजरमधून सिक्रेट कीचा बॅकअप पासवर्ड घालून पेनड्राइव्हवर घ्या आणि तीच फाइल घरच्या थंडरबर्डमध्ये इम्पोर्ट करून ती की त्या खात्यासाठी निवडा. हा निवडायचा टप्पा हमखास राहतो. फोनवर ओपनकीचेन (की सांभाळणारं ॲप) आणि के-९ मेल (मेलचं ॲप), फाइल तीच. पेनड्राइव्ह कपाटात कुलपात ठेवा. की हरवली तर जुने मेल कायमचे बंद, पासवर्ड रीसेट वगैरे काही नसतं.

समोरच्याची पब्लिक की आल्यावर तिचा फिंगरप्रिंट (कीची ओळख पटवणारी अक्षर-आकड्यांची ओळ) फोन करून एकमेकांना वाचून दाखवत जुळवा, मगच ॲक्सेप्ट करा. ॲक्सेप्ट केल्याशिवाय थंडरबर्ड त्याला एन्क्रिप्टेड मेल पाठवूच देत नाही. मिरजेचा अशील असेल तर भेटूनच जुळवा, ते उत्तम.

विषयाच्या ओळीत पक्षकाराचं नाव नको. थंडरबर्ड ती ओळ झाकतो, पण समोरून येणाऱ्या उत्तरात ती झाकलेली असेलच असं नाही. आणि जीमेल ब्राउझरमध्ये उघडलंत तर नुसती अगम्य अक्षरं किंवा जोडलेली फाइल दिसेल. मेल बिघडलेला नाही, की तिथं नाही एवढंच.