जिताड्याला स्नूक म्हणू नकोस

रेवदंड्याच्या खाडीत गळाला लागलेल्या जिताड्याच्या फोटोखाली तू ‘स्नूक’ लिहिलंस. चुकलास, पण तुझं तरी काय चुकलं म्हणा! उतरतं कपाळ, पुढे आलेला खालचा जबडा, थेट शेपटीवर गेलेली अंगावरची रेघ, सगळं दोघांत सारखं. म्हणून तर पूर्वी दोघांना सेंट्रोपोमिडी या एकाच कुळात धरायचे. आता जिताडा लॅटिडी कुळात आहे. जुनं पुस्तक वाचत असशील तर कुळाचं नाव तेवढं नव्याने तपासून घे.

खरा स्नूक म्हणजे सेंट्रोपोमस या प्रजातीतला (जीनसमधला) मासा. तो अमेरिकेच्या दोन्ही किनाऱ्यांवरचा. आपल्या खाडीत येणार कुठून? शिवाय नेहमीच्या स्नूकची ती रेघ ठळक काळी असते, जिताड्याची नाही.

गंमत म्हणजे दोघांचं बारसं एकाच माणसाने केलं, जर्मनीच्या ब्लॉख या मत्स्यशास्त्रज्ञाने. जिताड्याला १७९० साली त्याने होलोसेंट्रस कॅल्करिफर म्हटलं, स्नूकला १७९२ मध्ये सायीना अनडेसिमॅलिस. पुढे दोघांची प्रजाती बदलली, म्हणून आज लॅटिस कॅल्करिफर (ब्लॉख, १७९०) असं लिहितात. तो कंस टाकून देऊ नकोस. नाव देणाऱ्याने मासा मुळात वेगळ्या प्रजातीत ठेवला होता, हे त्यावरूनच कळतं.

‘कॅल्करिफर’ म्हणजे आर बाळगणारा. पुढच्या वेळी कल्ल्याच्या झाकणापाशी खालचा कोपरा चाचपून बघ, काटा लागेल. पण जपून. माझा अंगठा एकदा चांगला फाटलाय.